टेंभा मिरवायचा की धरायचा?

गुन्हा कबूल करूनच सुरुवात करतो. मी एका माणसाला तब्बल एकवीस दिवस तुरुंगात डांबून ठेवलं होतं. बोलायला कुणी नाही, सोबतीला कुणी नाही. रोज रात्री साडेदहाच्या सुमारास तो आतून हाक मारायचा, 'कोणी आहे का?' आणि मी, त्या शहराचा थानेदार, ती हाक वाचून मस्तपैकी चहाचा घोट घ्यायचो.

घाबरू नका! तुरुंग खोटा होता. शहर खोटं होतं. थानेदारही खोटाच. दिवसा मी बाणेरच्या एका आयटी कंपनीत इतरांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो आणि महिन्याच्या शेवटी होम लोनचा हप्ता भरतो. पण या सगळ्या खोट्या पसाऱ्यात एक गोष्ट अगदी खरी होती. आतून हाक मारणारा तो मुलगा.

त्याची गोष्ट सांगायची तर आधी आमच्या उद्योगाबद्दल सांगायला हवं. ऑनलाइन रोलप्लेइंग. नाव ऐकून भुवया उंचावू नका, प्रकार एकदम सोज्वळ आहे. दहा-पंधरा माणसं मिळून एक काल्पनिक जग ठरवतात. प्रत्येकजण त्यात एक पात्र घेतो आणि त्या पात्राच्या तोंडून लिहितो. मी लिहितो, 'थानेदाराने मिशीवर ताव दिला.' पलीकडे नाशिकहून कुणीतरी लिहितं, 'व्यापाऱ्याने पटकन थैली मागे लपवली.' झालं, गोष्ट सुरू! लेखक सगळेच, वाचकही सगळेच. पुढे काय होणार, कुणालाच माहीत नाही.

हे मी आईला समजावून सांगत होतो. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, ''म्हणजे सोंगं आणता होय रे तुम्ही?''

मी तेव्हा हसलो होतो. सोंगं! आमच्या एवढ्या हाय-फाय छंदाला हा शब्द? आता वाटतं, आईइतकी अचूक व्याख्या कुणी केलेली नाही.

चौदा पानांची वेस

तसा हा छंद काही कालचा नाही. अमेरिकेत १९७४मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाजारात आणला. टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे आणि योद्धा किंवा जादूगार होऊन बोलायचं. १९७८मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने कॉम्प्युटरवर निव्वळ शब्दांनी चालणारं असंच एक जग उभं केलं. त्याचा मित्र रिचर्ड बार्टल याने ते पुढे वाढवलं. अनेकांनी एकाच वेळी शिरून खेळायचं जग! आज जे काही ऑनलाइन खेळ चालतात, त्यातल्या बऱ्याच जणांचे पणजोबा म्हणजे हे जग.

आमचं जग त्यामानाने बाळच. सात वर्षांपूर्वी आम्ही सहा जणांनी डिस्कॉर्डवर ते सुरू केलं. कोकणकिनाऱ्यासारखा किनारा, त्यावर एक काल्पनिक बंदर, तिथला बाजार, खानावळ, किल्ला, थाना. सगळं मराठीत. यादीत चाळीसेक नावं, पण खरोखर जागे असणारे बारा-तेरा. वर्षं गेली तसा आमचा इतिहास साठला. कुठल्या साली आग लागली, कोणाच्या आजोबांनी कुणाला फसवलं, खानावळीच्या मालकिणीशी थानेदाराचं का वाकडं... हे सगळं आम्हाला तोंडपाठ. आणि इतिहासाबरोबर साठले ते नियम. दुसऱ्याच्या पात्राचं काय होईल हे आपण ठरवायचं नाही. आपल्याला माहीत आहे म्हणून आपल्या पात्राला माहीत आहे असं धरायचं नाही. पात्राबाहेरचं बोलायचं तर दुहेरी कंसात बोलायचं. असं करत करत नियमावली चौदा पानांची झाली. आम्हाला तिचा केवढा अभिमान! गावाला वेस असावी तशी ती आमची वेस. ओलांडून या, मग बोलू.

आणि एके रात्री तो मुलगा आला. नवा कोरा. त्याने लिहिलेल्या पहिल्याच चार ओळींत त्याचा घोडेस्वार खानावळीत शिरला, तलवार उपसली आणि थानेदाराचं मुंडकं उडवलं.

थानेदार म्हणजे मी! साडेचार वर्षं जपलेलं पात्र! आणि हा काल आलेला पोरगा चार ओळींत त्याचा खेळ खलास करतो?

आता थंड डोक्याने विचार केला तर कळतं, की खेळात नवा आलेला प्रत्येकजण हीच चूक करतो. आपली दखल घेतली जाईल की नाही, ही धाकधूक असते. मग तो मोठ्यात मोठा आवाज करतो. नवीन जॉइन झालेला मुलगा पहिल्याच मीटिंगमध्ये जरा जास्तच बोलतो ना, तसंच. पण त्या रात्री डोकं थंड नव्हतं. मी नियमावली त्याच्या तोंडावर फेकली. त्याने लगेच माफी मागितली, ओळ पुसून टाकली. तरी माझं समाधान होईना. थानेदाराच्या शिपायांनी घोडेस्वाराला पकडलं आणि कोठडीत टाकलं. बाकीच्यांनी हसण्याचे चेहरे टाकले. आणि मग... आम्ही विसरून गेलो.

पण तो विसरला नाही. नियमाप्रमाणे कोठडीतलं पात्र स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही, कुणीतरी जाऊन दार उघडावं लागतं. तो बिचारा नियम पाळत राहिला. रोज रात्री दोन ओळी. 'घोडेस्वार भिंतीला टेकून बसला आहे. बाहेर पावसाचा आवाज.' 'घोडेस्वाराने आज भिंतीवर एक रेघ ओढली.' आणि शेवटी नेहमी तेच : 'कोणी आहे का?'

एकविसाव्या दिवसानंतर हाक आली नाही. खरं सांगू? माझ्या ते लक्षातही आलं नाही.

दाजी, धरा हा टेंभा

आता सीन बदलतो. मी मूळचा नगर शहरातला. हो, आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण आमच्या पिढीच्या जिभेवर अजून 'नगर'च बसलेलं. बायको त्याच जिल्ह्यातली, पण दुसऱ्या टोकाची. अकोले तालुका, सह्याद्रीच्या कुशीतला महादेव कोळ्यांचा गाव. आमच्याकडे डोळ्यांत पाणी येईपर्यंत ऊन आणि तिच्याकडे छत्री उलटी होईपर्यंत पाऊस. जिल्हा एकच बरं का! आमचं लग्न कॉलेजातल्या ओळखीतून, दोन्हीकडच्या मर्जीविरुद्ध. वर्षभर अबोला, मग हळूहळू फोन, मग एकदाचं बोलावणं.

बोलावणं आलं ते बोहाड्याचं.

बोहाडा तुम्ही पाहिला नसेल तर जरूर पाहा. अकोले, इगतपुरी, त्र्यंबक, जव्हार, मोखाडा या डोंगरपट्ट्यात उन्हाळ्यात गावोगाव होतो. काही ठिकाणी त्याला आखाडीही म्हणतात. संबळ वाजतं, सनई लागते आणि एकामागून एक सोंगं येतात. सुरुवातीला गणपती, सरस्वती. मग मारुती, राम-लक्ष्मण, रावण, त्राटिका, वेताळ... प्रत्येकाचा मुखवटा वेगळा, चाल वेगळी, वाजवणंही वेगळं. रात्रभर चालतं, काही गावांत कित्येक रात्री. शेवटी देवी आणि म्हैसासुराचं युद्ध. आणि ही सोंगं कोणीही उठून आणायची नसतात. अमुक सोंग अमुक घराचं, असा मान असतो. काही गावांत सोंगांचा लिलावही होतो. मुखवटा घरात जपून ठेवतात, त्याची पूजा होते. बाप थकला की पोरगा उभा राहतो.

म्हणजे बघा, पक्की ठरलेली पात्रं, पिढ्यानपिढ्यांचा इतिहास, न लिहिलेली पण चौदा पानांहून मोठी नियमावली. आमच्या बंदराचा थोरला भाऊच!

पहिल्या वर्षी मी पाहुणा होतो. खाट टाकून दिली, उशी दिली, तासातासाला चहा. माझ्या बोलण्याला सगळे हो म्हणायचे. कुणी वाद घालेना, कुणी चेष्टा करेना. मामा, म्हणजे माझे सासरे, 'जेवलात का' आणि 'झोप झाली का' यापलीकडे दोन दिवसांत काही बोलले नाहीत. मला वाटलं, व्वा, काय स्वागत! परतताना गाडीत बायको म्हणाली, ''तुला अजून कोणी घरात घेतलेलं नाही, कळलं का?''

नव्हतं कळलं. दुसऱ्या वर्षी कळलं.

रात्रीचे बारा वाजून गेले होते. मी खाटेवर पेंगत होतो. माझा मेव्हणा धावत आला आणि हातात काहीतरी कोंबलं. ''दाजी, धरा हा टेंभा. ज्याच्याकडं होता त्याचा हात भाजलाय. उठा उठा, वेताळ निघाला!''

टेंभा म्हणजे काठीच्या टोकाला चिंध्या गुंडाळून, तेलात भिजवून पेटवलेली मशाल. आता चौकात हॅलोजन असतो, तरी सोंगापुढे टेंभा लागतोच. एक म्हातारी ओरडली, ''आरं जावयाला कामाला लावतो व्हय?'' तोवर मामांचा आवाज आला, ''धरू दे. आपलाच हाय.''

दोन वर्षांत मामांनी माझ्याबद्दल काढलेलं हे पहिलं वाक्य. मंडळी, मला आयुष्यात प्रमोशनचं लेटर वाचूनही इतकं भरून आलं नव्हतं.

भरून यायला वेळ मात्र नव्हता. शेजारी एक आबा चालत होते, त्यांनी चालता चालता शिकवणी घेतली. ''तोंडापासून हातभर लांब. त्याच्या डाव्या अंगाला. त्याला आतून दिसत न्हाई, तुमच्या उजेडावर पाय टाकतोय तो. तुम्ही थांबलात का तो पडला.'' बस्स. एवढीच नियमावली! मुखवट्याच्या बारीक भोकांतून त्याला खरंच फारसं दिसत नव्हतं. मी पुढे झालो की तो पुढे, मी जरा वळलो की तो वळायचा. अर्ध्या तासात मला बोहाड्यातलं इतकं कळलं, जे आदल्या वर्षी दोन रात्री खाटेवर बसून कळलं नव्हतं. कुठे चाल बदलते, कुठे संबळ घाई करतं, लोक कुठे मागे सरतात. एकदा चुकलोच. वेताळ अडखळला. आबांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि सगळे हसले. मीसुद्धा.

त्या धपाट्याने मी घरचा झालो. तेव्हा लक्षात आलेली गोष्ट अगदी साधी आहे : पाहुण्याला ताट मिळतं, घरच्याला काम मिळतं.

मान त्यांचा, अंग याचं

वेताळाचा मुखवटा उतरला तेव्हा मला दुसरा धक्का बसला. आतला माणूस गावचा नव्हताच! मराठवाड्यातून बदली होऊन आलेले शाळेतले गुरुजी होते ते.

पहाटे चहा पिताना आबांनी कथा सांगितली. वेताळाचा मान ज्या घराचा, तिथला मुलगा चाकणला कंपनीत. सीझनला सुट्टी मिळत नाही. दोन वर्षं मुखवटा घरातच राहिला, वेताळ निघालाच नाही. गावात कुजबुज. देवळात बैठक बसली. एक बाजू म्हणे, मान त्या घराचा, दुसऱ्याला हात लावू देणार नाही. दुसरी बाजू म्हणे, मग काय मुखवट्याला वाळवी लागू द्यायची? गुरुजी तोवर सहा वर्षं टेंभा धरत होते. वेताळाचं प्रत्येक पाऊल त्यांना पाठ. शेवटी त्या घरातल्या आजींनीच तोडगा काढला. मुखवट्याला नारळ फोडला, स्वतःच्या हाताने तो गुरुजींकडे दिला आणि म्हणाल्या, ''मान आमचाच. अंग तुमचं.''

काय तोडगा आहे बघा! जुन्याचा मानही राहिला आणि नव्याला जागाही मिळाली. सोंग जिवंत राहिलं.

हे ऐकून मी एकदम भारावून गेलो आणि बायकोला म्हणालो, ''बघ, किती मोकळं मन आहे तुमच्या गावाचं.'' तिने चुलीकडे बघतच उत्तर दिलं. ''मोकळं? मी इथे जन्मले. सगळ्या सोंगांच्या चाली मला येतात. पण इथे देवीचं सोंगही पुरुषच आणतो. तुला दोन वर्षांत टेंभा मिळाला. मला कोण देणार?''

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पण तेव्हापासून कुठल्याही गावाच्या, कंपनीच्या किंवा ग्रुपच्या 'मोकळ्या मना'चं कौतुक करण्याआधी मी एकदा बघून घेतो, की टेंभा अजून कोणाच्या हातात गेलेला नाही.

परतताना राजूरचा घाट उतरलो, अकोले गेलं, संगमनेर गेलं. आळेफाट्याला गाडी थांबवली, मिसळ मागवली आणि फोन उघडला. आमच्या बंदरात नऊ दिवसांत एक ओळ पडली नव्हती. खानावळीच्या मालकिणीला, म्हणजे तिच्या लेखिकेला, बाळ झालेलं. व्यापारी कॅनडाला गेलेला. सहा संस्थापकांपैकी जागे असणारे दोन. आमच्याही घरी मुखवटे नुसते ठेवून दिलेले होते. आणि तेव्हा, इतक्या महिन्यांनी, मला ती कोठडी आठवली.

मी मागे जात जात त्याच्या ओळी वाचल्या. एकवीसच्या एकवीस. वाईट लिहीत नव्हता हो तो! पावसाचा आवाज, भिंतीवरच्या रेघा, गजांतून दिसणारं डोलकाठीचं टोक... आमच्यातल्या निम्म्यांपेक्षा सरस. मग मी आणखी मागे गेलो. आमच्याकडे नव्याने स्वतःची ओळख लिहायची असते. ती त्याने पहिल्याच दिवशी लिहिली होती आणि आमच्यापैकी कोणीही वाचली नव्हती. ओळख पटेल असं काही इथे देत नाही, पण सार एवढंच : नगरला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. खोलीतले दोघे परीक्षा सोडून गावी परतले. रात्री बोलायला कोणी नसतं. लिहायला आवडतं. चूक झाली तर सांगा.

चूक झाली तर सांगा! आणि मी काय केलं होतं?

मिसळ तशीच राहिली. बायकोने फोन माझ्या हातातून घेतला, वाचला आणि परत दिला. काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

शिंपी, विकिपीडिया आणि आपण

अपराधी वाटलं की मी वाचत सुटतो. वाचता वाचता कळलं की हा खड्डा आमच्या एकट्याचा नाही. इंग्रजी विकिपीडियाचंच बघा. तिथे नियमितपणे लिहिणाऱ्यांची संख्या २००७मध्ये सर्वाधिक झाली आणि मग घसरायला लागली. का? आरन हाफेकर आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर्जा टिकावा म्हणून जे नियम आणि आपोआप चालणारी साधनं आणली, त्यांनीच चांगल्या हेतूने आलेल्या नव्या लोकांना हाकललं, असा त्याचा निष्कर्ष. गंमत म्हणजे 'नवख्यांना चावू नका' अशा अर्थाची सूचना विकिपीडियाने स्वतःच लिहून ठेवलेली आहे! नियम असणं आणि माणूस आत येणं या दोन वेगळ्या गोष्टी, एवढाच याचा अर्थ.

मग सापडलं जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांचं १९९१चं पुस्तक. त्यात लायबेरियातल्या शिंप्यांचं उदाहरण आहे. तिथे नवा शागीर्द आला की त्याला आधी कापड कापायला देत नाहीत. पण नुसतं बघत बसायलाही सांगत नाहीत. तो सुरुवात करतो शेवटच्या टप्प्यापासून. बटणं लाव, कडा दुमड. काम छोटं, पण खरं. कपडा त्याच्याशिवाय पुरा होत नाही. आणि बटण लावता लावता त्याला कळतं की अख्खा कपडा कसा उभा राहतो. मी वाचलं आणि म्हटलं, अरे, हा तर टेंभा!

आणि पुढे तो टेंभेवाला कुठवर जाईल, हे आपण कोण ठरवणार? आमच्या नगरचं एक उदाहरण मला फार आवडतं. शाहू मोडक. १९१८मध्ये नगरमधल्या मराठी ख्रिस्ती घरात जन्मलेला हा माणूस. पडद्यावर त्याने कृष्ण साकारला तो एकोणतीस वेळा! प्रभातच्या १९४०च्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ज्ञानेश्वरही तोच. ज्या माउलीने आपल्याच जिल्ह्यातल्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली, तिचं सोंग नगरच्या ख्रिस्ती मुलाने आणलं आणि महाराष्ट्राने हात जोडले. तुम्ही आमच्यातले नाही, असं म्हणून त्याला वेशीवरच अडवलं असतं तर? तोटा कोणाचा झाला असता?

ऑफिसात आपण हे सगळं बरोबर करतो बघा. नवीन जॉइनीला लॅपटॉप, आयडी कार्ड, वेलकम किट, एक 'बडी'. तरी पहिले दोन आठवडे तो नुसता पीपीटी बघत बसतो आणि तिसऱ्या आठवड्यात नोकरी डॉट कॉम उघडतो. कारण आपण त्याला ताट देतो, काम देत नाही. त्याच्यावाचून कोणाचं काही अडत नाही आणि हे त्याला पक्कं कळलेलं असतं.

कोठडीचं दार

त्या रात्री घरी पोचल्यावर मी दोन गोष्टी केल्या. पहिली, त्या मुलाला दुहेरी कंसातला, म्हणजे पात्राबाहेरचा, निरोप लिहिला. सरळ माफी. 'पण', 'परंतु' काही नाही. दुसरी, थानेदाराकडून लिहिलं : 'थानेदाराने कोठडीचं कुलूप काढलं. दार उघडं टाकलं. भिंतीवर एकवीस रेघा होत्या. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभा राहिला.'

उत्तर आलं नाही. आठवडा गेला, महिना गेला. या लेखाचा शेवट गोड करायला मला आवडलं असतं, पण सगळी सोंगं आणता येतात, हे सोंग नाही आणता येत. काही माणसं परत येत नाहीत. कदाचित तो पास होऊन साहेब झाला असेल. कदाचित दुसऱ्या कुठल्या शहरात घोडा दौडवत असेल. असो बापडा, सुखी असो.

मात्र आमच्याकडे बऱ्याच गोष्टी बदलल्या. उरलेल्यांनी फोनवर बैठक घेतली. थोडी भांडणं झाली. एकजण म्हणाला, नियम सैल केले तर दर्जा जाईल. त्याचंही चूक नव्हतं, वेताळाच्या पायाखाली उजेड लागतोच. म्हणून नियम आम्ही टाकले नाहीत, फक्त दारातून उचलून आत ठेवले. दारात आता तीनच वाक्यं आहेत. बाकीचं खेळता खेळता कळतं, कधी पाठीत एक हलका धपाटा खाऊन. नवा आला की त्याची ओळख एकाने तरी वाचायची आणि चोवीस तासांत त्याच्या पहिल्या ओळीला उत्तर द्यायचं, ही ज्याची पाळी त्याची जबाबदारी. चूक झाली तर ती दुहेरी कंसात, खाजगीत सांगायची. चारचौघांत पात्राकडून वचपा काढायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिल्याच रात्री त्याला एक काम द्यायचं. छोटं, पण ज्यावाचून कोणाचं तरी अडेल असं.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी आली. कोल्हापूरकडची, बँकेत नोकरी. आम्ही तिला बंदरावरचे दिवे लावायचं काम दिलं. तिने दिवा लावला असं लिहिल्याशिवाय रात्रीचं जहाज धक्क्याला लागणार नाही, असं ठरवूनच टाकलं. पहिल्या रात्री ती घाबरत घाबरत एक ओळ लिहून गेली आणि कॅनडाच्या व्यापाऱ्याने, जो चार महिने गायब होता, तिच्या उजेडात आपलं जहाज आत घेतलं! दुसऱ्या रात्री तिला उशीर झाला तर तीनजण विचारत होते, ''अगं, दिवे?'' आता तिला बंदराचा इतिहास माझ्याहून जास्त पाठ आहे. थानेदाराला तिच्या दिवेवालीने दोनदा खोटं पाडलंय. चारचौघांत!

एकदा तिने विचारलं, ''थान्यातली एक कोठडी सारखी उघडीच का असते?''

मी तिला सगळं सांगितलं. एकवीस रेघांसकट. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग तिने आपल्या पात्राकडून एक ओळ लिहिली. तेव्हापासून ती ओळ रोज रात्री येते. दिवेवाली धक्क्यावरचे सगळे दिवे लावते आणि उरलेल्या तेलात एक दिवा त्या कोठडीच्या दाराशी ठेवून जाते.

आपल्या भाषेत 'टेंभा मिरवणं' हा शब्दप्रयोग आहे. आम्ही जुने लोक तेच करत होतो. सात वर्षांचा इतिहास, चौदा पानं, अमुक पात्र माझं. पण टेंभ्याचं खरं काम मिरवणं नव्हे. पुढच्याला पाऊल दिसावं, एवढंच.

यंदा उन्हाळ्यात पुन्हा अकोल्याला जायचंय. मामांचा परवा फोन आला होता. 'जेवलात का' नाही, 'झोप झाली का' नाही. थेट मुद्द्यावर आले. ''चिंध्या आणि काठी इकडं तयार ठेवलीय. लवकर या, काम पडलंय.'' फोन ठेवता ठेवता हळूच विचारलं, ''पोरीला विचारा, संबळ शिकायचं म्हणत होती, अजून म्हणती का?''

मी फोन बायकोकडे दिला.